मा हंग : शिलालेखांचे वाचक आणि रक्षक

धातू व पाषाण यांवरील लेखांच्या अभ्यासाची चिनी परंपरा सुंग राजवटीपासूनची. परंतु ती बहुधा संग्राहकांच्या अभ्यासिकेतच वाढली. तिला उत्खननाच्या भूमीवर नेणाऱ्यांत मा हंग (१८८१–१९५५) यांचे स्थान मोठे आहे. पेकिंग विद्यापीठात ते हा विषय शिकवीत. १९३० मध्ये हपेइ प्रांतातील येन राज्याच्या प्राचीन राजधानीचे उत्खनन त्यांच्या नेतृत्वाखाली झाले. ढोलाच्या आकाराच्या दहा प्रसिद्ध शिलांवरील लेख छिन राज्याचे होत, हे त्यांनी अक्षरवळणांच्या साक्षीने प्रतिपादिले.

मुद्रा कोरण्याच्या कलेविषयीही त्यांची दृष्टी हीच होती. प्राचीन लिपीचे ज्ञान नसेल, तर केवळ हत्याराचे कौशल्य व्यर्थ होय, असे ते मानीत. १९४७ मध्ये हांगचौच्या शीलिंग मुद्राकला-मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

तथापि, त्यांच्या विद्येची खरी कसोटी युद्धकाळात लागली. प्रासाद-संग्रहालयाचे प्रमुख या नात्याने, जपानी आक्रमणापासून वाचविण्यासाठी हलविलेल्या हजारो पेट्यांचा भार त्यांच्यावर होता. त्यांत त्या दहा शिलाही होत्या. पश्चिमेकडे सिचुआनपर्यंत नेलेल्या त्या शिला आज पुन्हा बेइजिंगमध्ये आहेत. लेख वाचणाऱ्यावर लेख राखण्याचेही ऋण असते. मा हंग यांनी ते फेडले.