गर्भनिरोधनाची शंभर वर्षं: साधन कोणाच्या हातात?

१९२१ साली मुंबईत गणिताच्या एका प्राध्यापकाने संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. रघुनाथ धोंडो कर्वे हे त्यांचं नाव. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी असंच केंद्र उघडलं ते याच वर्षी. म्हणजे या बाबतीत आपण जगाच्या मागे नव्हतो, बरोबरच होतो! पण याच कामापायी १९२५ मध्ये कर्व्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. पुढे १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं.

आज परिस्थिती खूप बदलली आहे. कंडोम कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, तांबी सरकारी दवाखान्यात मोफत बसवून मिळते. तरीही जोडपी एकच प्रश्न विचारतात, ‘डॉक्टर, सगळ्यात चांगलं साधन कोणतं?’ उत्तरादाखल टक्केवारीचा तक्ता पुढे करता येतो आणि तो मी खाली दिलेलाही आहे. पण शंभर वर्षांचा इतिहास सांगतो की नुसत्या तक्त्याने भागत नाही. साधन किती खात्रीचं आहे हा पहिला प्रश्न. ते वापरायचं, थांबवायचं, नाकारायचं हे कोणाच्या हातात आहे, हा तितकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न. जिथे जिथे हा दुसरा प्रश्न विसरला गेला, तिथे तिथे चांगली साधनंही बदनाम झाली.

रबर, आणि तत्त्वाचा वाद

कंडोम तसा जुना. पूर्वी तो जनावरांच्या आतड्यापासून बनवत. एकोणिसाव्या शतकात रबर टिकाऊ करण्याची कृती सापडली आणि कंडोम स्वस्त झाला. स्त्रियांसाठी रबरी टोपी किंवा पडदा आला. गर्भाशयाच्या तोंडावर बसवायचा, सोबत शुक्रजंतूनाशक औषध लावायचं. कर्व्यांच्या काळात साधनं होती ती मुख्यतः हीच. कंडोम पुरुषाच्या मर्जीवर चालायचा. पडदा मात्र बाईच्या हातात होता. पण तो मापाने निवडावा लागे, शिकून घ्यावा लागे, धुऊन ठेवावा लागे. एका खोलीत दहा माणसं राहणाऱ्या चाळीत हा एकांत आणायचा कुठून?

साधनांपेक्षा वाद मोठा होता तो तत्त्वाचा. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतल्या चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. कुटुंब लहान असावं हे गांधीजींना मान्य होतं, कृत्रिम साधनं मात्र मान्य नव्हती. त्यांचा मार्ग संयमाचा. सँगर यांचं म्हणणं होतं की संयमाचा निर्णय बाईच्या एकटीच्या हातात नसतो. भेट सौजन्याने झाली, मतं मात्र जुळली नाहीत.

पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. त्यामागचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलं होतं आणि मांडलं ते पी. जे. रोहम यांनी. ठराव मोठ्या फरकाने पडला.

मण्यांची माळ

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. त्याच वर्षी मुंबईतल्या परिषदेत या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा जन्म झाला.

सुरुवात झाली ती सुरक्षित दिवसांच्या पद्धतीने. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या विचारांच्या, त्यामुळे साधनांपेक्षा हा मार्ग त्यांना पटणारा होता. दिल्लीतल्या लोधी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरम इथे प्रयोग झाले. दिवस लक्षात राहावेत म्हणून बायकांना रंगीत मण्यांची माळ दिली. रोज एक मणी सरकवायचा. सुरक्षित दिवसांचा रंग वेगळा, धोक्याच्या दिवसांचा वेगळा.

कल्पना साधी आणि बिनखर्चाची, पण हाती फार काही लागलं नाही. पाळी दर महिन्याला घड्याळासारखी येत नाही, मणी सरकवायचा राहून जातो. आणि धोक्याच्या रंगाचा मणी आला म्हणून ‘आज नको’ हे बाईने सांगितलं, तरी ते ऐकणारा नवरा हवा ना! कागदावर उत्तम दिसणारी पद्धत घरात का फसते, याचा हा पहिला धडा.

लूप गेला, तांबी आली

१९६५ पासून देशभर लिपीझ लूप बसवायला सुरुवात झाली. प्लॅस्टिकची ही वळणदार पट्टी एकदा बसवली की रोज काही लक्षात ठेवायला नको. पहिल्या वर्षी प्रतिसाद जोरदार मिळाला, मग तो ओसरला. लूपमुळे काहींना पाळीत जास्त रक्त जाई, पोटात दुखे. हे होऊ शकतं असं आधी कोणी सांगितलेलं नसायचं आणि तक्रार घेऊन गेलं तर तपासायला माणूस नसायचा. बसवणाऱ्यांना आकडा गाठायचा होता. साधन फारसं वाईट नव्हतं, पण आधीचा संवाद आणि नंतरची देखभाल दोन्ही नव्हती. अफवा पसरायला एवढं पुरेसं होतं.

त्यानंतर आली कॉपर-टी, म्हणजे आपली तांबी. तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात, त्यामुळे फलनच होत नाही. आजची ३८० ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते आणि काढली की पाळणा पुन्हा हलू शकतो. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आतही ती बसवता येते. तरीही ‘तांबी वर सरकते, काळजाला लागते’ ही भीती अजून ऐकू येते. तांबी गर्भाशयात बसते आणि तिथून काळजाकडे जाणारी वाटच नाही. क्वचित ती जागेवरून हलते किंवा आपोआप बाहेर पडते. म्हणून ठरलेल्या वेळी तपासणी करायची.

गोळीची किंमत कोणी मोजली?

गोळीमागे ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक हे संशोधक होते. प्रेरणा मार्गारेट सँगर यांची आणि पैसा कॅथरीन मॅककॉर्मिक या श्रीमंत बाईंचा. मोठी चाचणी १९५६ मध्ये पोर्तो रिकोत, गरीब वस्तीतल्या बायकांवर झाली. चक्कर, मळमळ, डोकेदुखी अशा तक्रारी आल्या. चाचणी सांभाळणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी त्या नोंदवून इशाराही दिला. त्याकडे फारसं लक्ष दिलं गेलं नाही. १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून गोळीला मान्यता मिळाली.

त्या गोळीत इस्ट्रोजेन होतं १५० मायक्रोग्रॅम. आजच्या ‘माला-एन’मध्ये ते ३० मायक्रोग्रॅम आहे. गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका पुढे लक्षात आला. १९७० मध्ये अमेरिकी संसदेच्या सुनावण्यांत बायकांनी उभं राहून विचारलं, की हे आम्हाला का सांगितलं नाही? त्यानंतर गोळ्यांसोबत धोक्यांची माहिती देणं तिथे बंधनकारक झालं. पाकिटातला तो बारीक अक्षरांचा कागद आपण न वाचता फेकतो, पण तो भांडून मिळवलेला आहे.

एक गोळी आपली स्वतःची आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत सेंटक्रोमॅनचा शोध लागला. आधी ‘सहेली’ आणि पुढे सरकारी कार्यक्रमात ‘छाया’ या नावाने ती आली. तिच्यात इस्ट्रोजेन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा घ्यायची.

नसबंदी: पुरुष कुठे गेले?

पुरुष नसबंदी ही छोटी शस्त्रक्रिया आहे. जागेवर भूल देऊन होते, त्याच दिवशी घरी जाता येतं. शुक्रजंतूंची नळी बंद होते, एवढंच. संप्रेरकं, वीर्य, ताकद, कामेच्छा जागच्या जागी राहतात. १९७१ मध्ये केरळात एर्नाकुलमच्या एकाच शिबिरात साठ हजारांहून जास्त पुरुषांनी ती करून घेतली होती.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या होत्या आणि अनेक सक्तीच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. सुदैवाने त्याचा कायदा झाला नाही. पुढच्याच वर्षी देशातला एकूण आकडा दहा लाखांच्या खाली आला. लोकांनी सरकार बदललं आणि त्यासोबत पुरुष नसबंदीवरचा विश्वासही गेला.

उद्दिष्टं मात्र राहिली. ती बायकांच्या पोटाकडे वळली. पोट उघडून किंवा दुर्बिणीने होणारी स्त्रीची शस्त्रक्रिया पुरुषाच्या शस्त्रक्रियेपेक्षा मोठी, भूल जास्त, धोकाही जास्त. २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूर भागातल्या शिबिरांनंतर तेरा स्त्रियांचा मृत्यू झाला. एका ठिकाणी काही तासांत ८३ शस्त्रक्रिया उरकल्या होत्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं बंद करायला सांगितलं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे. नवऱ्याची नसबंदी झालेल्या फक्त ०.३ टक्के. म्हणजे सव्वाशे बायकांमागे एक पुरुष. सोपी आणि कमी धोक्याची शस्त्रक्रिया मागे पडली आणि मोठी पुढे आली, याला वैद्यकीय कारण एकही नाही.

आता तक्ता, पण नीट वाचून

शंभर जोडप्यांनी वर्षभर एखादं साधन वापरलं तर किती जणींना दिवस जातील, हा साधं मोजमाप झालं. पुढचे आकडे रोजच्या, म्हणजे थोड्याफार चुकांसह होणाऱ्या वापराचे आहेत. ते अमेरिकेतल्या अभ्यासांवर आधारलेले आहेत, पण अंदाजासाठी उपयोगी.

- काहीच न वापरता: सुमारे ८५
- वेळेआधी बाजूला होणं: २०
- दिवस मोजणं: सुमारे १५
- कंडोम: १३
- गोळ्या: ७
- तीन महिन्यांचं इंजेक्शन (सरकारी दवाखान्यातलं ‘अंतरा’): ४
- तांबी: १ पेक्षा कमी
- स्त्री नसबंदी: अर्धा
- पुरुष नसबंदी: त्याहूनही कमी

यातली खरी गंमत गोळ्यांच्या आकड्यात आहे. अजिबात न चुकता घेतल्या तर हाच आकडा एकाच्याही खाली येतो. मधला फरक औषधाचा नाही. तो विसरण्याचा, संपलेल्या पाकिटाचा, सासूपासून लपवून ठेवण्याचा आहे. तांबीत आणि नसबंदीत विसरायला काही नाही, म्हणून ती यादीत खाली आहेत. पण कंडोम वर आहे म्हणून तो टाकाऊ नाही. एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांपासून वाचवणारं साधन या यादीत तेवढंच.

निवडताना विचारा

डॉक्टरांकडे शक्यतो दोघांनी जा आणि हे बोलून घ्या:

१. पुढे मूल हवं आहे का आणि केव्हा? नक्की नको असेल तरच नसबंदी.
२. रोज आठवणीने काही घेणं जमेल का?
३. बाळ अंगावर पीत आहे का? रक्तदाब, अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्या, काविळीचा त्रास, पस्तिशीनंतर धूम्रपान यांपैकी काही आहे का? असल्यास इस्ट्रोजेनची गोळी विचारूनच.
४. पाळीत बदल होईल का, झाला तर काय करायचं, कोणाला भेटायचं?
५. साधन नको वाटलं तर कधीही थांबवता येईल ना?
६. कुटुंब पूर्ण असेल तर नवऱ्याच्या नसबंदीचा विचार झाला का? झाल्यास लक्षात ठेवा, पुढचे तीन महिने आणि वीर्यतपासणी होईपर्यंत दुसरं साधन वापरायचं आहे.

तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. पण ती अडचणीच्या वेळची, नेहमीची नव्हे.

माहिती पूर्ण मिळाली, नाही म्हणायची मोकळीक राहिली आणि तक्रार ऐकायला कोणी असलं, की साधन टिकतं. सहावा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. या वेळी तो नवऱ्यानेच विचारावा.