जाते थांबले, ओवी उरली

भोरहून वरंध घाटाकडे निघालेला रस्ता नीरेच्या खोऱ्यातून चढत हिर्डोशीवरून पुढे जातो आणि महाडच्या बाजूस कोकणात उतरतो. हे खोरे म्हणजे जुने हिरडस मावळ, बांदल देशमुखांचे वतन. देवघर येथे नीरेवर बांधलेल्या सुमारे पावणेबारा टीएमसीच्या धरणाने आज ते भरले आहे. जमिनी पाण्याखाली गेल्या, वस्त्या उठल्या. उठलेल्या घरांतून चूल नव्या जागी गेली, देव गेले; जात्याचा संसार मात्र पुन्हा मांडला गेला नाही. गावोगाव पिठाची गिरणी येऊन त्याचे काम आधीच संपले होते. धरणग्रस्तांच्या यादीत घर, झाड, विहीर यांची नोंद होते. पहाटेच्या गाण्याची होत नाही.

त्या गाण्याचा विचार करू लागलो की आम्हांला फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची आठवण होते. दोहोंत अंतर मोठे आहे. एक विद्वान येशूसंघीयाचे महाकाव्य, दुसरे निरक्षर मावळणीचे गाणे. परंतु दोहोंचे नाव एकच, ओवी. आणि दोन्ही ओव्या हरपलेल्या गोष्टींविषयी बोलतात.

स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, आयुष्याची उरलेली चाळीस वर्षे बहुतांशी साष्टी प्रांतात राहिले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. त्यांचे पुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्याच्या आरंभीचा प्रसंग मननीय आहे. नवख्रिस्ती समाजातील एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे का देत नाही? म्हणजे हे काव्य एका हानीतूनच जन्मले. धर्म नवा मिळाला, पण सायंकाळी ऐकावयाची कथा गेली होती. ती पोकळी भरण्यासाठी एका इंग्रजाने सुमारे अकरा हजार ओव्या मराठीत रचल्या.

या काव्यातला काळ सरळ रेषेत चालतो. पहिल्या पुराणात विश्वाची उत्पत्ती, मानवाचे पतन आणि तारकाची प्रतीक्षा. दुसऱ्यात प्रभू येशूचा जन्म, क्रूसावरील मरण, पुनरुत्थान व स्वर्गारोहण. आरंभी जे हरवले ते अखेरीस अधिक मोलाने परत मिळते. दुःख खरे, पण ते वाटेवरचा मुक्काम आहे. श्रोत्याला कथेचा शेवट ठाऊक असतो, म्हणून क्रूसापाशी रडतानाही तो निराश होत नाही.

जात्याच्या ओवीला असा शेवट नाही. तिचा काळ पाळूसारखा फिरतो. पहाटे सूप भरून दळण घ्यावयाचे, खुंटा धरावयाचा, मुठीमुठीने वैरण घालावयाची; दळण सरले की गाणे थांबते. आई वारली, माहेरची वाट परकी झाली, भाऊ आता येत नाही, हे दुःख त्या दळणात सांगून संपत नाही. दुसऱ्या पहाटे तेच पुन्हा. गेलेल्या आईशी गाणारी बोलते ती समोर बसलेल्या माणसाशी बोलावे तशी. महाकाव्य हानीचा अर्थ सांगते. हे गाणे अर्थ सांगत नाही, हानीला रोज सोबत करते. ज्या बाईला सासरी मन मोकळे करण्यास दुसरी जागा नव्हती, तिला या सोबतीचे मोल किती असेल!

मग कागदावरचे काव्य टिकले आणि तोंडचे गाणे विरले, असे समजावे काय? इतिहास तसे म्हणत नाही. ख्रिस्तपुराण १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. तथापि या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली तर पोर्तुगीज सरकारने गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडावी असा हुकूमच काढला. तरीही पुराण राहिले, कारण लोक ते हाताने उतरवून घेत आणि मोठ्याने वाचीत. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी हस्तलिखिते जपली. टिपूच्या काळात, १७८४ ते १७९९ या बंदिवासात, तेथील ख्रिस्ती जनांस याच पुराणाने धीर दिला असे सांगितले जाते. अशा हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालदान्हा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले. छापील ग्रंथाला शेवटी कंठानेच तारले.

गाण्याच्या बाबतीत उलटे घडले. १९७२ साली फ्रान्समधून भारतात आलेले गी पॉइतव्हाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून आरंभ करून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. पुढे ध्वनिमुद्रणही झाले. गी २००४ साली व हेमाताई २०१० साली गेल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण वृत्तसंग्रहाच्या संकेतस्थळावर त्या ओव्या गाणारीच्या व गावाच्या नावानिशी प्रसिद्ध होऊ लागल्या. कंठातल्या गाण्याला येथे कागदाने तारले.

या दोन कहाण्यांतून आम्हांस एकच बोध होतो. ग्रंथ अथवा कंठ, कोणताही एकटा काळापुढे पुरा पडत नाही. ज्याच्यापाशी जे आहे त्याने दुसऱ्याला आधार द्यावा लागतो. आणि हा आधार देण्याची वेळ गाणारी असेपर्यंतच असते. जाते अंगणात पायरी म्हणून पडून राहू शकते. आवाज तसा पडून राहत नाही.

आपल्याही घरांत वसईच्या सामवेदी, वाडवळ बोलींतली लग्नाची आणि पाळण्याची गाणी आहेत. ती पूर्ण पाठ असलेल्या आजी आता फार थोड्या. पुनरुत्थानावर आपली श्रद्धा आहे. परंतु त्या श्रद्धेच्या भरवशावर आजीचे गाणे न उतरवता राहू देणे हा आळस होय. येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एखाद्या वृद्धेच्या ओटीवर वही घेऊन बसावे. हिर्डोशीच्या खोऱ्यात पाणी चढले. आपल्याकडे ते कोणत्या रूपाने चढते आहे हे ज्याचे त्याने ओळखावे.