तीन प्रोफेसर, लातूरहून

"आबा, माझा डेक लय वीक पडायलाय," असं नातवाने परवा सांगितलं, तेव्हा मी घाबरून त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. डेक म्हणजे पोकेमॉन नावाच्या खेळातला साठ पत्त्यांचा जोड, हे मागाहून कळलं. जपानात १९९६ साली निघालेला हा खेळ आता आमच्या नांदेडच्या गल्लीत पोचला आहे. त्यात कमजोर पत्ते काढून बरे पत्ते घालायचे असतात आणि तेही स्वस्तात, कारण खर्च आजोबांच्या पेन्शनीतून व्हायचा असतो.

मी पडलो निवृत्त इतिहासशिक्षक. कुणी पैसे मागितले की मला आधी इतिहास आठवतो.

बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा धाडल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. पत्त्यांबद्दलची आपल्याकडची ही फार जुनी नोंद. गंजिफा म्हणजे गोल पानं. मोगली खेळात आठ रंग नि ९६ पानं. आपल्या दशावतारीत अवतार दहा, म्हणून १२०. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर. (लातूरच्या गंजगोलाईचा आणि नांदेडच्या वजिराबादचा याच्याशी काही संबंध नाही. मी एकदा वर्गात जोडून दिला होता, तेव्हा तपासणीला आलेले साहेब नेमके मागच्या बाकावर बसले होते.) श्रीमंतांची पानं हस्तिदंताची नाहीतर कासवाच्या पाठीची, तिला म्हणत दरबार कलम. तुमच्याआमच्यासाठी बाजार कलम. म्हणजे चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेलं कापड किंवा कागद आणि वर लाखेचा हात. आमच्या शेजारी निर्मळला ही पानं रंगवत, तिकडे कोकणात सावंतवाडीला अजून रंगवतात. पण गंमत अशी, की खेळात हस्तिदंताला एक गुणसुद्धा जास्त मिळत नसे. उलट, आठातल्या चार रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या चारांत राजा-वजिराखालोखाल एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यांच्या पायाशी! हा नियम करणारा माणूस नक्की कुठेतरी कारकून असला पाहिजे.

आमच्या लहानपणी, १९६० नंतरच्या त्या वर्षांत, आमचा डेक म्हणजे सिगारेटची रिकामी पाकिटं. रिंगणात पाकिटं मांडायची, लांबून चपटा दगड मारायचा, बाहेर जाईल ते आपलं. भाव गल्लीने ठरवलेले. निजामी १९४८ साली गेली, पण हैदराबादचा धूर काही मराठवाड्यातून गेला नाही. त्यामुळे चारमिनारची पिवळी पाकिटं नांदेडात पैशाला पासरी. भाव दहा. गोल्ड फ्लेकला शंभर.

आता व्यापार बघा. नांदेडवरून जायची ती मनमाड ते हैदराबादकडची मीटरगेज. लातूरला मात्र १९११ साली पोचलेली बार्शी लाइटची नॅरोगेज, जी कुर्डूवाडीला मुंबईच्या मोठ्या रुळांना भेटायची. त्यामुळे आमच्याकडे हैदराबादचा कचरा आणि लातूरकडे मुंबईचा, असा माझा हिशेब. लातूरला गंजगोलाईत मामाचं दुकान होतं. १९१७ साली आखलेल्या त्या गोलाला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि सोळाही रस्त्यांना पानपट्ट्या! सुट्टीला जाताना मी चारमिनारचा गठ्ठा नेई आणि येताना मोजकी पण भारी पाकिटं आणी. एसटीच्या तिकिटापलीकडे खर्च शून्य. तेही तिकीट अर्धं.

एकदा सुट्टी लांब होती आणि माझा गठ्ठा पार संपला होता. मी अण्णांच्या मागे लागलो, "एकदाच गोल्ड फ्लेक ओढा ना!" अण्णा बिडी ओढत. दोन दिवसांनी त्यांनी कोटाच्या खिशातून कोरं करकरीत रिकामं पाकीट काढून माझ्या हातावर ठेवलं. त्यातल्या दहाही सिगारेटी त्यांनी कचेरीत साहेबापासून शिपायापर्यंत वाटल्या होत्या. कचेरीत बढतीची अफवा उठली, पेढे मागितले गेले म्हणे. नंतर आठवडाभर अण्णा चहाला शिवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. खरं कारण आईने मला सांगितलं तेव्हा अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

ते पाकीट मी दुसऱ्या दिवशी पहिल्याच डावात घालवलं. संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "चाललं का रे?"

"चाललं," मी म्हटलं. खोटं नव्हतं. चाललंच होतं, दुसऱ्याच्या खिशात.

हे सगळं नातवाला सांगून मी पाकिटात हात घातला आणि म्हटलं, "घे तुझं ते चकाकणारं पान."

"ते नको आबा. प्रोफेसर पाहिजे."

प्रोफेसर हे त्या खेळातलं साधं, स्वस्त पान. तो येतो, हातातली होती नव्हती ती सगळी पानं टाकायला लावतो आणि सात नवी ओढायला सांगतो. प्राध्यापकांबद्दल जपान्यांचा अनुभव आपल्यासारखाच दिसतो! जोडात एका नावाची चार पानं चालतात. याच्याकडे एकच होतं, आणि लातूरच्या आतेभावाकडे तीन जास्तीची. 'लातूर पॅटर्न' गाजल्यापासून तिथे प्रोफेसरांना काय तोटा? बदल्यात नातवाने दोन पानं दिली आणि पोस्टमन म्हणून मी, नाहीतरी लेकीकडे जायचंच होतं.

परतताना शर्टाच्या खिशात तीन प्रोफेसर होते. अहमदपूरला चहाला उतरलो तेव्हा खिसा दोनदा चाचपला.

दुसऱ्या दिवशी तो खेळून आला. मी पेपर खाली न ठेवता विचारलं, "चाललं का रे?"

"चाललं," तो म्हणाला. मी पुढे काही विचारलं नाही.