गरीब मतदार आणि सधनांची धोरणे

गरीब मतदार आणि सधनांची धोरणे : ज्या धोरणांचा लाभ मुख्यतः सधनांना होतो, ती राबविणाऱ्यांनाच अल्प उत्पन्नाच्या मतदारांनी निवडून देण्याची प्रवृत्ती. फ्रीड्रिख एंगेल्सने 1893 मधील एका पत्रात वापरलेल्या ‘खोटी जाणीव’ या कल्पनेने तिचा उलगडा करण्याची प्रथा आहे. आपले हित न ओळखण्याची ही कल्पना नळदुर्गसारख्या भागाला लागू पडत नाही. इथला मतदार आपले हित पुरते ओळखतो.

नळदुर्ग (ता. तुळजापूर, जि. धाराशिव) हे बोरी नदीकाठचे गाव. किल्ल्यातला पाणीमहाल आदिलशाहीत, सतराव्या शतकाच्या आरंभी, नदीवर बांध घालून बांधला गेला. पाणी अडवण्याची विद्या इथे जुनी. अडवलेले पाणी कोणाच्या शेतात जाते, हा तंटा आजचा. परिसरात श्री तुळजाभवानी शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पण बहुतांश शेती सोयाबीन, तूर, ज्वारीची, पावसावरची. राज्यात ऊस लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहूनही कमी जमिनीवर असतो आणि सिंचनाचे सुमारे 70 टक्के पाणी घेतो, असे केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने नोंदविले आहे. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. त्याच गळीत हंगामात मराठवाड्यात उसाचे गाळप झाले होते.

तरी कोरडवाहू शेतकऱ्याचे आणि मजुराचे मत बागायतदार पुढाऱ्याला का जाते? अँडरसन, फ्रान्स्वा व अशोक कोतवाल यांनी महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध केला. निवडणुका खुल्या, मतमोजणी प्रामाणिक, जबरदस्ती नाही. तरीही जिथे बहुतांश जमीन मराठा जमीनदारांच्या हाती, तिथे गरिबांच्या योजना कमी राबविल्या जातात, असे त्यांना आढळले. अशा योजनांपैकी रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळातून वाढली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. हमीचे काम मिळाले की शेतावरची मजुरी वाढते. ती वाढू न देण्यात जमीनदाराचा फायदा. बदल्यात तो अडीनडीला पैसे देतो, दवाखान्यासाठी गाडी काढतो, लेकीच्या लग्नाला धान्य पाठवतो. सरकार ज्या रात्री दारात येत नाही, त्या रात्री हा माणूस येतो. मत त्याला मिळते, ते या भरवशापोटी. त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

ऊसतोडीत हेच नाते अधिक कडक होते. बीड, धाराशिवसारख्या जिल्ह्यांतून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन फडावर जाते. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते.

झळ कारखान्याच्या ऊस पिकवणाऱ्या सभासदालाही बसते. राजकारण्यांच्या ताब्यातील कारखाने निवडणुकीच्या वर्षी उसाला कमी भाव देतात, असे संदीप सुखटणकर यांनी 2012 मध्ये दाखविले. प्रचाराचा खर्च शेतकऱ्याच्याच उसातून निघतो, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. अध्यक्ष निवडून आल्यावर भरपाई होत असावी, म्हणून सभासद गप्प राहतो, असेही सुचविले. भरपाईची ही आशा ऊसवाल्यापुरतीच. ज्याच्याकडे ऊसच नाही, त्याच्या वाट्याला तीही येत नाही.

मराठवाड्यात उसाच्या लागवडीला आळा घालावा, अशी शिफारस विभागीय आयुक्तालयाच्या अहवालाने 2019 मध्ये शासनाला केली. त्यानंतरही दर हंगामात गाळप चालू आहे.