लांब बॉनेट, लहान इंजिन : फोर्ड कॅप्री १३०० चा उपेक्षित इतिहास

फोर्ड कॅप्रीचा इतिहास बहुतेक वेळा वरून खाली सांगितला जातो. आधी तीन लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन, मग कलोनची आरएस २६००, मग १९७७ साली सुरू झालेल्या ‘द प्रोफेशनल्स’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेत टायर किंचाळवत वळणारी ३.० एस. आणि अगदी शेवटी, जागा उरलीच तर, १३०० सीसीची सर्वांत स्वस्त कॅप्री. तीही गालातल्या गालात हसून. मला हा क्रम उलटा वाटतो. १९६९ ते १९८६ या काळात जवळजवळ १९ लाख कॅप्री तयार झाल्या. एवढी संख्या शर्यतीच्या शौकिनांच्या जोरावर गाठता येत नाही. ती गाठली गेली रोज सकाळी कामावर जाणाऱ्या, शनिवारी बाजारहाट करणाऱ्या आणि पेट्रोलचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांमुळे. त्यांच्या हाती ही गाडी कशी चालत होती, हा प्रश्न म्हणूनच इतिहासाचा आहे असे मी मानतो.

कॅप्रीची जन्मकथा अमेरिकेत सुरू होते. १७ एप्रिल १९६४ रोजी फोर्डने मस्टँग बाजारात आणली. तिच्या आत होती फाल्कन नावाची साधी कुटुंबाची गाडी. वर मात्र लांब बॉनेट, आखूड पाठ आणि ठेंगणे छप्पर. पहिल्याच दिवशी बावीस हजारांहून अधिक मागण्या आल्या. लोकांना स्पोर्ट्स कारचे रूप हवे होते, पण तिचा खर्च आणि तिची नाटके नको होती, एवढे या आकड्याने सिद्ध केले. युरोपातल्या फोर्डने हाच धडा आपल्या रस्त्यांच्या मापाने गिरवायचे ठरवले. या आराखड्याचे कामकाजातले नाव ‘कोल्ट’ होते. घोड्यांच्या घराण्याला ते शोभलेही असते, पण ते नाव मित्सुबिशीकडे आधीच होते. मग फोर्डने स्वतःच्याच अडगळीतून ‘कॅप्री’ बाहेर काढले. १९६१ ते १९६४ या काळात कॉन्सल कॅप्री नावाची एक देखणी दोनदारी गाडी ब्रिटनमध्ये काढून झाली होती आणि ती फारशी कोणी घेतली नव्हती. पडलेल्या नाटकाचे नाव नव्या नाटकाला देण्यासारखाच हा प्रकार.

नवी कॅप्री जानेवारी १९६९ मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनात दाखल झाली. तळाच्या १३०० ची ब्रिटनमधली किंमत सुमारे ८९० पौंड होती. त्या वेळी जग्वार ई-टाइपला याच्या दुपटीहून अधिक पैसे पडत. ‘तुम्ही स्वतःला कायम कबूल केलेली गाडी’ अशा अर्थाचे जाहिरातीचे वाक्य होते, आणि ते मोठ्या हुशारीने लिहिलेले होते. ज्याला ती ई-टाइप कधीच मिळणार नव्हती, त्याच्याशी ते बोलत होते.

बाहेरचे रूप घडवण्यात फिलिप क्लार्क या अमेरिकन रेखनकाराचा मोठा वाटा होता. तो याआधी मस्टँगच्या कामावर होता. सुमारे सव्वाचार मीटर लांबीची ही गाडी आजच्या मापाने छोटीच म्हणायची. तरी तिचे नाक इतके लांब की चालक जवळजवळ मागच्या चाकांवर बसल्यासारखा दिसतो. विक्रीपूर्वी निवडक ग्राहकांना नमुना दाखवला तेव्हा मागच्या आसनावर कोंडल्यासारखे वाटते अशी तक्रार आली. म्हणून मागच्या बाजूची काच मोठी करून तिला इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा बाक दिला. पुढे तीच काच कॅप्रीची ओळख झाली.

आता बॉनेट उघडू. आत जे दिसते त्यावरच सगळी थट्टा उभी आहे. एवढ्या लांब जागेत चार सिलिंडरचे १२९८ सीसीचे इंजिन बसलेले, भोवती मोकळे मैदान. हे ‘केंट’ घराण्याचे इंजिन. एस्कॉर्ट आणि कॉर्टिना या फोर्डच्या घरगुती गाड्यांतही तेच होते. ताकद सुमारे ५२ अश्वशक्ती. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात तेव्हा तयार होणाऱ्या फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे होते हे लक्षात घेतले, तर मराठी वाचकाला अंदाज येईल की फरक जगावेगळा नव्हता. ताशी साठ मैलांचा वेग गाठायला या कॅप्रीला वीस सेकंदांहून अधिक वेळ लागे आणि कमाल वेग ताशी ८५ मैलांच्या आसपास. रूप वाघाचे, धाव बैलाची, असे म्हणणाऱ्यांना एवढे आकडे पुरेसे होते.

पण आकडे वाचणे वेगळे आणि गाडी रोज चालवणे वेगळे. केंट इंजिनाच्या या अवतारात सिलिंडरचा व्यास ८१ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव जेमतेम ६३. धाव आखूड असल्याने ते न कुरकुरता वेगाने फिरते. पण अगदी कमी फेऱ्यांवर त्याच्याकडून ओढीची अपेक्षा करता येत नाही. म्हणजे चालकाला गिअर बदलत राहावे लागणार. इथेच कॅप्री १३०० चा खरा गुण होता. फोर्डच्या त्या काळातल्या चार गतींच्या गिअरपेटीचा दांडा आखूड हालचालीचा आणि नेमका होता. हात आणि दातऱ्या यांच्यामध्ये काही सैल असल्याची जाणीव होत नसे. ज्या इंजिनाला सतत गिअर बदलून द्यावा लागतो त्याला अशी पेटी मिळाली, हे चालकाचे भाग्य. गावात तिसऱ्या गिअरमध्ये फिरावे, चढ दिसला की वेळेवर दुसरा घ्यावा, एवढे जमले की गाडी कुठे अडत नसे.

दुसरा गुण वजनाचा. तीन लिटरचे ओतीव लोखंडाचे व्ही-सिक्स इंजिन बसवले की कॅप्रीचे नाक जड होई. वळणावर पुढची चाके बाहेर सरकू पाहत आणि गाडी उभी करताना स्टिअरिंग ओढायला दंडात बळ लागे. १३०० मध्ये पुढचा भार हलका. रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंग बोटांना रस्ता सांगे आणि अरुंद गल्लीत वळताना दमवत नसे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक सर्व कॅप्रींना होते, या सर्वांत स्वस्त गाडीलाही. वेग कमी आणि ब्रेक चांगले, हे मिश्रण नवशिक्या चालकाला वाईट नव्हते. मागे मात्र सरळ धुरा आणि तिच्याखाली पाटे, आपल्या ट्रकांना असतात त्याच जातीचे. ओल्या, खडबडीत वळणावर मागचे टोक उडी मारल्यासारखे हले. ताकदवान कॅप्रीत ही उडी धडकी भरवणारी. १३०० मध्ये फार तर दचकवणारी.

गैरसोयी अर्थात होत्या, आणि त्या रूपाची किंमत म्हणून मोजाव्या लागत. आसन खाली, बॉनेट लांब. पुढचे कोपरे कुठे संपतात ते दिसत नाही. दारे लांब असल्याने शेजारी दुसरी गाडी उभी असली की अंग चोरून बाहेर पडावे लागे. मागे बसायचे तर पुढचे आसन वाकवून आत शिरायचे. आपल्याकडे ही गोष्ट कोणी चालवून घेतली नसती. मद्रासच्या स्टँडर्ड हेरल्डला मूळची दोन दारे भारतीय कुटुंबांना पुरेनात म्हणून इथे चार दारे करावी लागली होती. इंग्लंडातही मूल झाले की कॅप्री विकायची, असा अनेकांचा क्रम असणार. १९७४ च्या दुसऱ्या आवृत्तीत मागे वर उघडणारे दार आणि दुमडणारे आसन आले, ते याच संसारी गिऱ्हाइकाला धरून ठेवण्यासाठी.

त्याच नावाची जर्मन गाडी वेगळी होती, हे सहसा सांगितले जात नाही. कलोनमध्ये तयार होणाऱ्या १३०० ला सुरुवातीला टाउनस गाड्यांचे व्ही-फोर इंजिन असे. ते आखूड आणि आटोपशीर, पण थांबलेल्या गाडीत थरथरणारे. इंग्लंडमध्ये हेलवूडच्या कारखान्यात तयार झालेली गाडी शांत, कलोनची गुरगुरणारी. एकाच जाहिरातीखाली दोन देशांतले लोक दोन वेगळ्या गाड्या चालवत होते.

मग ही फसवणूक होती का? आरोप जुना आहे आणि त्याला आधारही आहे. मागच्या चाकांपुढे हवा आत घेणाऱ्या झडपा दिसत. त्या खोट्या होत्या, आत हवा जायला वाटच नव्हती. फोर्डने सजावटीचे संच विकायला ठेवले होते : आतल्या सुखसोयींचा एक्स, बाहेरच्या नटण्याचा एल, खेळकर चालकासाठी आर. १३०० घेणारालाही एक्स आणि एल घेता येत. म्हणजे इंजिन तेच ठेवून रूप वाढवता येई. पण मला इथे फसवणूक दिसत नाही. खरेदीदाराला बॉनेट उघडून पाहता येत होते. इंजिनाचा आकार बिलावर आणि अनेकदा गाडीच्या पाठीवरही लिहिलेला असे. विम्याचा हप्ता लहान इंजिनाला कमी पडतो, सुटे भाग कोणत्याही फोर्ड गॅरेजात मिळतात, प्लग आणि डिस्ट्रिब्युटरपर्यंत हात सहज पोहोचतो, हे तो जाणून होता. त्याने सौंदर्य उघड्या डोळ्यांनी विकत घेतले. गरिबाने पैठणीऐवजी पैठणीच्या काठाची साडी घेतली तर तिला आपण फसली म्हणत नाही.

ऑक्टोबर १९७३ नंतर तर हसणाऱ्यांची पाळी उलटली. तेलसंकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलची कुपने वाटून ठेवली गेली आणि रस्त्यांवरची कमाल मर्यादा ताशी ५० मैलांवर आली. पश्चिम जर्मनीत नोव्हेंबर-डिसेंबरमधले चार रविवार खासगी गाड्या बंद राहिल्या. गॅलनला तीस मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरला दहा-साडेदहा किलोमीटर देणारी १३०० एकाएकी शहाणी ठरली. पन्नास मैलांच्या मर्यादेत तीन लिटरवाला आणि हा एकाच वेगाने जात होते, आणि दिसतही जवळजवळ सारखेच होते.

तिला संपवले ते गंजाने आणि बदलत्या चवीने. पुढच्या मडगार्डांच्या वरच्या कडा, दाराखालचे पत्रे आणि विशेषतः पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरची वरची बैठक इथे गंज खोल जाई. ही बैठक सडली की ब्रिटनच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत गाडी नापास. महागड्या मॉडेलचा मालक पत्रा बदलून घेई. १३०० वाल्याला दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जड होई आणि ती भंगारात जाई. दरम्यान गोल्फसारख्या पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्या आल्या. तेवढ्याच लांबीत, किंवा कमी लांबीतही, त्यांच्यात चौघे नीट बसत. उत्पादन १९७६ पासून एकट्या कलोनकडे गेले, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला १.३ चे इंजिन यादीतून वगळले गेले आणि डिसेंबर १९८६ मध्ये कॅप्रीच थांबली. शेवटच्या १,०३८ गाड्या ‘२८०’ नावाच्या खास आवृत्तीच्या, अर्थातच मोठ्या इंजिनाच्या.

आज मेळाव्यांत आणि संग्रहालयांत जाऊन कोणी कॅप्रीची गणती केली, तर ही गाडी मुख्यतः सहा सिलिंडरचीच होती असा निष्कर्ष निघेल. उरलेल्या पुराव्यावर विसंबण्याचा हा धोका आहे. राजांची नाणी सापडतात, कवड्या सापडत नाहीत. शिवाय ज्या थोड्या १३०० शाबूत राहिल्या, त्यांतल्या अनेकांच्या मोकळ्या बॉनेटखाली हौशी मालकांनी पुढे तीन लिटरचे इंजिन बसवले. जागा होतीच. ब्रिटनमध्ये इंजिन बदलले की नोंदणीच्या कागदावर त्याची क्षमताही बदलून घ्यावी लागते, त्यामुळे आजच्या कागदावर त्या गाडीपुढे २९९४ सीसी असाच आकडा दिसतो.