उडवायचे नाणे, तोलायचे नाणे

माझ्या मुलीच्या दहावीच्या बीजगणितात पाचवे प्रकरण संभाव्यतेचे आणि सहावे सांख्यिकीचे आहे. "आई, दोन्हीत आकडेच, मग ही दोन प्रकरणे का?" असे तिने विचारले. इंजिनिअरिंग करून इतकी वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढली, तरी मला पटकन सांगता येईना. उत्तर शेवटी सापडले ते एका जुन्या नाण्यांच्या गोष्टीत.

या दोन विषयांचे जन्म वेगवेगळे. 1654 मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी अर्धवट राहिलेल्या जुगाराचे पैसे कसे वाटावेत यावर पत्रे लिहिली, तिथून संभाव्यतेचे गणित उभे राहिले. त्यात खेळाचे नियम माहीत असतात आणि पुढे काय होईल याचा हिशेब करायचा असतो. 1662 मध्ये जॉन ग्राँटने लंडनमधल्या मृत्यूंच्या नोंदी मांडल्या. तिथे आकडे समोर होते, त्यामागचा नियम शोधायचा होता. म्हणजे वाट तीच, चालायचे मात्र उलट दिशेने.

या वाटेवर दोन्ही बाजूंनी चाललेला आपल्याकडचा माणूस म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म 1907, गोव्यातले कोसबेन. हार्वर्डला शिकून ते पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. संख्याशास्त्र ते स्वतःच शिकले, तेही खरे प्रश्न हाती घेऊन. त्यातला एक प्रश्न विद्यार्थ्यांच्या परीक्षेतल्या गुणांचा होता, दुसरा प्राचीन नाण्यांचा.

तक्षशिलेला ठसे मारलेल्या चांदीच्या आहत नाण्यांचे साठे सापडले होते. त्यांवर ना राजाचे नाव, ना साल. कोसंबींनी ती तराजूत तोलली. त्यांचा विचार साधा होता. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. कोणते नाणे किती झिजेल हा योगायोग. पण एकाच वेळी पाडलेल्या पुष्कळ नाण्यांचे सरासरी वजन काळाबरोबर घटत जाते आणि त्यांच्या वजनांतला आपसातला फरक वाढत जातो. ही झाली संभाव्यता. मग तोललेल्या वजनांवरून मागे जात, नाण्यांचा कोणता गट आधीचा आणि कोणता नंतरचा हे त्यांनी लावले. ही सांख्यिकी. झिजेचा नियम खरा आहे का, हे पाहायला त्यांनी त्या काळची चलनातली नाणीही तोलली.

मात्र एकट्या नाण्याच्या वजनावरून त्याचे वय सांगता येत नाही. ते मुळातच हलके पडलेले असेल, किंवा जास्त हातांतून फिरलेले असेल.

हे वाचले आणि आपल्या वर्गातली एक मैत्रीण आठवली. दहावीला गणितात तीन-चार गुणांनी राहिली. पुन्हा बसली नाही. सरावलीहून रोज एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाऊ लागली. "मला गणित येत नाही," असे ती म्हणायची आणि आपणही ते खरे मानले. एका दिवसाच्या एका पेपरवरून! आज गावातल्या बचत गटाचा पै-पैचा हिशेब तीच ठेवते.

मुलीला मी ही दोन्ही नाणी समजावून सांगितली. मेळाव्याला ती मैत्रीणही येणार आहे. तिच्याशेजारी बसून तिलाही सांगायची आहेत, पंचवीस-तीस वर्षे उशिरा का होईना.