'रजिस्टर्ड आहे' या एका वाक्यावर किती विसंबायचं?

बल्लारपुरात पेपर मिल आणि कोळसा खाणीच्या वस्त्यांमध्ये आम्ही जातो, तेव्हा पोरं मोबाईलवर एखादं नवं क्रिप्टो एक्सचेंज उघडून दाखवतात. "सरकारकडे रजिस्टर्ड आहे," म्हणतात. या एका वाक्यावर घरातली बचत तिकडे जाते, म्हणून त्याचा इतिहास तपासणं आम्हाला भाग पडलं.

बाजारात विश्वास सगळ्यांना सारखा कधीच मिळाला नाही. बाबासाहेबांनी परदेशी शिक्षण घेऊन आल्यावर मुंबईत शेअर्सबाबत सल्ला देणारी पेढी काढली होती. मालक महार आहे हे गिऱ्हाइकांना कळलं आणि पेढी बंद पडली. सल्ला बरोबर की चूक, हा प्रश्नच कुणी विचारला नाही. अर्थशास्त्रातल्या पदव्यांपेक्षा जात मोठी ठरली.

पुढे १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये त्यांनी रुपयाची किंमत स्थिर राहण्यासाठी चलनाच्या पुरवठ्यावर पक्की मर्यादा मागितली. बिटकॉइनलाही २.१ कोटींची मर्यादा आहे, म्हणून उद्या कुणी बाबासाहेबांना क्रिप्टोचे समर्थक ठरवेल. आम्हाला हे साफ अमान्य आहे. त्यांना हवी होती ती किमतीची स्थिरता. महिनाभरात पाव किंमत उडू शकते अशा वस्तूला त्यांचा आधार कसला?

आता कायद्याकडे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टो व्यवहारांना सेवा देऊ नका असं बजावलं. ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस आणला. कर लागला म्हणजे मान्यता मिळाली, असा समज तेव्हाच पसरला. मग ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने एक्सचेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले आणि त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागली. पोरं 'रजिस्टर्ड' म्हणतात ते हेच.

पण या नोंदणीत आहे काय? ग्राहकाची ओळख तपासा, नोंदी ठेवा, संशयास्पद व्यवहार कळवा. सरकारला पैशाचा माग लागावा यासाठी ही व्यवस्था आहे. तुमचा पैसा बुडाला तर भरून देण्याची हमी त्यात नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. इथे तसा काहीही नाही.

पुरावा हवा असेल तर वझीरएक्स पाहा. मुंबईचं, नोंदणी असलेलं, जाहिरातींतून घराघरांत पोहोचलेलं एक्सचेंज. १८ जुलै २०२४ ला त्याच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची क्रिप्टो चोरीला गेली. ग्राहकांची क्रिप्टो वर्षाहून अधिक काळ अडकली आणि प्रकरण गेलं सिंगापूरच्या हायकोर्टात, कारण मूळ कंपनी तिथली. खाणीत पाळी करणाऱ्या माणसाने सिंगापूरला वकील कुठून आणायचा? (त्याआधी गेनबिटकॉइनने महिन्याला १० टक्क्यांचं आमिष दाखवून हजारोंना बुडवलं होतं, ती गुंतवणूक योजना होती, एक्सचेंज नव्हे. पण त्या फसवणुकीच्या तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी २०२२ मध्ये अटक केली.)

म्हणून आम्ही पोरांना नोंदणीचं पत्र विचारत नाही. वॉलेटची किल्ली कुणाकडे, मूळ कंपनी कुठल्या देशात, वाद झाला तर अटींमध्ये कुठलं न्यायालय लिहिलंय, हे विचारतो. मागच्या बैठकीत अटी उघडून हे शोधायला सांगितलं, तेव्हा त्या इंग्रजी होत्या आणि एकानेही त्या आधी वाचलेल्या नव्हत्या. पुढच्या रविवारी त्या मराठीत वाचायला बसणार आहोत.